कँटलूप आणि बाकीची खरबुजं : फरक नेमका ओळखायचा कशावरून?

वेलमांडव

जाळीदार साल आणि केशरी गर म्हणजे कँटलूप, गुळगुळीत साल आणि हिरवट गर म्हणजे हनीड्यू, असं सरसकट सांगितलं जातं. दोन-चार वाण समोर ठेवले की हा हिशोब कोलमडतो. गालियाला भरपूर जाळी आहे, पण गर हिरवा. फ्रान्सच्या शारांतेला जाळी जवळपास नाहीच, गर मात्र गडद केशरी. हनीड्यूतही केशरी गराचे वाण आहेत.

मग फरक आहे कशात? आणि "देठ बघा, वास घ्या, टिचकी मारा" हा जो सल्ला प्रत्येक खरबुजाला लावला जातो, तो कुणाला लागू आणि कुणाला नाही? निवड, साठवण, चिरणं, लागवड, सगळ्याबद्दल लिहा. कलिंगडही घ्या, कारण तुलना सहसा तिथूनच सुरू होते.

बीजांकुर

कलिंगड आधीच बाजूला काढू, म्हणजे धागा भरकटणार नाही. (भरकटेलच, पण निदान उशिरा.)

खरबूज म्हणजे कुकुमिस मेलो, कलिंगड म्हणजे सिट्रुलस लॅनॅटस. कुल एकच, प्रजाती वेगळी. काकडी कुकुमिसच, म्हणजे नात्याने खरबूज कलिंगडापेक्षा काकडीच्या जवळ. गुणसूत्रं खरबुजात २४, कलिंगडात २२, काकडीत १४. तिघांचा आपसात संकर होत नाही.

फळ नसतानाही वेल ओळखता येतो. कलिंगडाचं पान खोल कातरलेलं, खरबुजाचं गोलसर आणि उथळ खाचांचं. कलिंगडाच्या तणाव्याला फाटे फुटतात, खरबुजाचा तणावा एकेरी.

फळ चिरल्यावर खरा फरक दिसतो. खरबुजाच्या बिया मधल्या पोकळीत तंतूंना लगडलेल्या असतात आणि आपण खातो तो भाग म्हणजे फळाची भिंत. कलिंगडात पोकळीच नाही. बिया ज्या मांसल भागात रुतलेल्या असतात, तो बीजाधार आपण खातो. खरबुजात हाच भाग चमच्याने खरवडून फेकला जातो.

टिवल्याबावल्या

म्हणजे कलिंगडाचं जे खायचं ते खरबुजाचं टाकायचं, आणि खरबुजाचं जे खायचं ते कलिंगडाचं पांढरी साल म्हणून टाकायचं. इतका शिस्तशीर गोंधळ फक्त माणूसच घालू शकतो.

कोशकार

@वेलमांडव, सगळी खरबुजं एकाच जातीची आहेत हे धरूनच पुढे जावं लागेल. शार्ल नोदां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५९ साली या एका जातीचे दहा गट पाडले. आजची वर्गवारी म्हणजे त्याच यादीवर केलेल्या दुरुस्त्या. या धाग्याच्या कामाचे गट असे:

कँटालुपेन्सिस : युरोपातली मूळ कँटलूप. ठसठशीत फाका, कधी खडबडीत मस्से, जाळी नाही किंवा नावापुरती. शारांते इथलं.

रेटिक्युलेटस : अमेरिकेत कँटलूप म्हणून विकलं जाणारं जाळीदार फळ. अलीकडचे बरेच अभ्यासक हा गट वरच्यातच जमा करतात.

इनोडोरस : हनीड्यू, कासाबा, कॅनरी, स्पेनचं पिएल दे सापो. उशिरा पिकणारी, टिकाऊ, बाहेरून फारसा वास न येणारी.

फ्लेक्सुओसस : लांबच लांब, कच्ची खायची, दिसायला काकडी पण प्रत्यक्षात खरबूज.

मोमॉर्डिका : पिकल्यावर आपोआप तडकणारी, पिठूळ गराची. चिबूड याच घरातलं.

पूर्व आशियातला कोनोमॉन गट लोणच्याचा, तो इथे नको.

जाळीदार

जाळीवरून गट ठरत नाही, कारण जाळी ही मुळात भरलेली जखम आहे.

कोवळ्या फळाची साल गुळगुळीत आणि लवदार असते. पुढे वरची साल ताठर होते, आतला गर मात्र फुगतच राहतो. साल जागोजागी तडकते. प्रत्येक भेगेखाली बुचाच्या पेशी तयार होतात, भेग भरतात आणि सालीच्या वर उचलून येतात. आधी उभ्या रेषा उमटतात, मग आडव्या त्यांना जोडतात. फळ धरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत हे सुरू होतं.

म्हणून जाळी म्हणजे फळाच्या वाढीची नोंदवही समजा. या काळात पाण्याचा ताण बसला आणि वाढ अडखळली की जाळी विरळ आणि तुटक येते. ताणानंतर एकदम भरमसाट पाणी दिलं तर भेगा भरून निघायच्या आधीच रुंदावतात आणि फळ उघडं पडतं.

एकाच वाणाची दोन फळं समोर असतील तर दाट, उठावदार जाळीचं घ्या. दोन वेगळ्या वाणांची जाळी एकमेकांशी ताडून पाहू नका.

देठसाक्षी

फरक सालीत नाही, देठाशी आहे.

कँटलूप पिकत आलं की देठ आणि फळ यांच्या सांध्यावर पेशींचा एक थर सैल पडायला लागतो. देठाभोवती आधी केसाएवढी गोल भेग दिसते. ती अर्ध्या घेरापर्यंत आली की अर्धी सुट, पूर्ण फिरली की पूर्ण सुट. पूर्ण सुट झालेल्या फळाच्या देठाला बाजूने अंगठ्याने हलकं रेटलं तरी फळ वेगळं होतं आणि मागे वाटीसारखा स्वच्छ खळगा राहतो. फूल फळल्यापासून इथवर साधारण ३५ ते ४५ दिवस लागतात, उष्णतेप्रमाणे कमीजास्त.

विकत घेताना हा खळगाच वाचायचा. गोल, कोरडा, किंचित खोलगट असेल तर फळ वेळेवर सुटलेलं आहे. खळग्यात देठाचा तुकडा अडकलेला असेल, किंवा देठाबरोबर सालीचा लचका निघालेला असेल, तर फळ कच्चं ओढलेलं आहे.

हनीड्यू, कासाबा, कॅनरी यांत हा सांधा सहसा सुटत नाही. ती कात्रीने किंवा सुरीने कापूनच काढावी लागतात, म्हणून त्यांच्यावर देठ असणं हा दोष नाही. "देठ असलेलं खरबूज घेऊ नका" हा नियम हनीड्यूला लावला तर ढिगातलं प्रत्येक फळ नापास होईल.

शंकासूर

@देठसाक्षी, शारांतेला का विसरलात? ते तर अस्सल कँटलूप. आणि ते देठासकटच विकतात, कधीकधी वर पानही ठेवतात. तुमच्या नियमाने सगळी शारांते कच्ची ठरली की हो.

देठसाक्षी

@शंकासूर, बरोबर धरलंत. शारांते इतक्या झपाट्याने पिकतं की पूर्ण सुट होईपर्यंत थांबलं तर ते दोन-तीन दिवसांत लगदा होतं. म्हणून देठाभोवतीची भेग नुकती दिसू लागली आणि फळाच्या बेचक्यातलं पान फिकट पडलं, की देठ ठेवून कापतात. हिरवटराखाडी सालीवर पिवळसर छटाही तेव्हाच येते.

नियम असा वाचा : शारांतेत देठ आहे की नाही ते बघू नका, त्याच्या बुडाशी भेग आहे का ते बघा. भेग नाही आणि देठाचा सांधा हिरवागार, घट्ट असेल तर फळ ठेवून द्या.

उन्हाळी

पण कच्चं निघालं तर तांदळात किंवा कागदात गुंडाळून घरी पिकवता येतंच की. सगळे करतात.

साखरमोजणी

पिकवता येतं, गोड करता येत नाही. केळ्यात स्टार्चचा साठा असतो, तोडल्यावर त्याची साखर होते. खरबुजात असा साठाच नाही. साखर पानांत तयार होते आणि देठातून येते. सुक्रोजचा मोठा भाग तर शेवटच्या दहा-पंधरा दिवसांतच भरला जातो. देठ तुटला की पुरवठा तुटला. नंतर गर मऊ होईल, वास सुटेल, साल पिवळी होईल, पण ब्रिक्स (रसातल्या साखरेचा आकडा) जिथे होता तिथेच राहील किंवा किंचित उतरेल.

हे एका प्रयोगात फार स्वच्छ दिसलं आहे. १९९६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी शारांतेत एथिलीन (फळ पिकवणारा वायू) तयार करणारं एक जनुक दाबून टाकलं. फळाची साल पिवळी पडेना, वास जेमतेम, गर घट्टच, आणि देठ सुटेना. गराचा केशरी रंग मात्र नेहमीसारखा आला, साखरही भरली. उलट फळ वेलावर जास्त दिवस टिकल्यामुळे साखर वाढतच गेली. म्हणजे एथिलीन बंद केल्यावर जे थांबलं (वास, मऊपणा, सालीचा रंग, सांधा सुटणं) ते सगळं कँटलूपचं वैशिष्ट्य, आणि साखर व गराचा रंग त्या यंत्रणेच्या बाहेरचे.

म्हणून @उन्हाळी, तांदळाच्या डब्यात एथिलीन कोंडलं जातं आणि फळ मऊ होतं इतकंच. फिकं फळ मऊ केलं की मऊ फिकं फळ मिळतं.

वेलमांडव

हे महत्त्वाचं आहे. म्हणजे हनीड्यूत एथिलीन कमी आणि म्हणून वास नाही, असं म्हणायचं का?

साखरमोजणी

ढोबळमानाने हो. इनोडोरस गटात एथिलीनची उसळी उशिरा येते, कमी येते, काही वाणांत येतच नाही. त्यामुळे व्यापारात हनीड्यूला बाहेरून एथिलीन द्यायची पद्धत आहे : २० ते २५ अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास, हवेत दहा लाखांत १०० ते १५० भाग. अर्थात फळ वेलावरच पूर्ण भरलेलं हवं, नाहीतर वरचाच मुद्दा परत लागू.

वासाची रसायनंही वेगळी. कँटलूपचा गोड दरवळ मुख्यतः एस्टर वर्गातल्या संयुगांचा, आणि ती एथिलीननंतरच जोर धरतात. हनीड्यूत आणि कलिंगडात नऊ कार्बनच्या अल्डिहाइड-अल्कोहोलांचा वाटा मोठा, तीच काकडीचीही ओळख. म्हणून थंड हनीड्यू चावताना काकडीची आठवण येते. अति पिकलेल्या कँटलूपचा जो कुबट दर्प येतो तो गंधकयुक्त संयुगांचा. वास तोंडाजवळ न नेताच आला, तर फळ त्याच दिवशी संपवायच्या लायकीचं आहे.

नाकपुडी

हनीड्यूच्या बुडाला नाक लावून डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या सर्व जाणकारांना सादर प्रणाम.

कात्रीवाला

मग ज्यांना वास नाही आणि सांधा सुटत नाही ती ओळखायची कशी, ते कुणीच लिहिलं नाही.

हनीड्यू : हिरवट पांढऱ्यापासून साईसारख्या पिवळसर रंगाकडे वळलेलं हवं. कच्च्या फळावर बारीक लव असते, हात फिरवला तर कोरडं, खरखरीत लागतं. पिकल्यावर लव जाते आणि साल मेणचट, किंचित चिकट लागते. फुलाकडचं टोक, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजू, अंगठ्याखाली जरासं दबतं. बोट आत गेलं तर उशीर झाला.

कॅनरी : पूर्ण गडद पिवळं, देठाजवळ हिरवी रेघ नको.

पिएल दे सापो : हे पिकलं तरी हिरवंच. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पिवळा झालाय का तेवढं बघायचं. आकाराच्या मानाने जड हवं.

कलिंगड : टेकलेला डाग पांढरा असेल तर कच्चं, लोण्यासारखा पिवळा असेल तर तयार. वेलावर असेल तर फळाच्या पेऱ्यावरचा तणावा पूर्ण वाळलेला हवा.

टिचकी फक्त कलिंगडाला, तीही कान तयार असेल तर. खरबुजात मधे पोकळीच आहे, ते कच्चं असो वा पिकलेलं, पोकळच वाजणार. हलवून आत बिया-पाणी खळखळलं तर फळ उतरलेलं आहे.

फ्रिजवाणी

साठवणीत तर सगळ्यांना एकाच कप्प्यात कोंबलं जातं.

पिकलेलं कँटलूप २ ते ५ अंशांना दोन आठवड्यांच्या आसपास तग धरतं. हनीड्यूला तेवढी थंडी सोसत नाही. त्याला ७ ते १० अंश हवे. ५ च्या खाली बरेच दिवस ठेवलं तर सालीवर पाणचट, तपकिरी चट्टे पडतात आणि बाहेर काढल्यावर ते सडतात. कासाबा, कॅनरीला १० अंश. कलिंगड १० ते १५ अंशांना दोन-तीन आठवडे राहतं. त्याला अख्खं फ्रिजात ठेवण्यात आठवडाभराने तोटाच आहे, साल खड्डे धरते.

आणि पिकतं कँटलूप कलिंगडाशेजारी ठेवू नका. कँटलूप एथिलीन सोडतं, कलिंगड ते सोसू शकत नाही, आठवड्यात त्याचा गर रवाळ आणि ढिला पडतो.

स्वच्छतादूत

साठवायच्या आधी मात्र धुवू नका. जाळीत ओल राहिली की देठाच्या खळग्यात बुरशी धरते. चिरायच्या आधी धुवा.

शंकासूर

साल खातच नाही, तर धुवायची कशाला?

स्वच्छतादूत

कारण सुरी सालीतून गरात जाते.

बऱ्याच फळांत आंबटपणा जंतूंना रोखतो. कँटलूपच्या गराचा सामू ६ च्या वर, साखर आणि पाणी मुबलक. साल्मोनेला, लिस्टेरियाला याहून चांगली जागा मिळणार नाही. जाळीचे खाचखळगे त्यांना लपायला जागा देतात, गुळगुळीत हनीड्यूवर ती सोय कमी आहे. २०११ साली अमेरिकेत कँटलूपमधून पसरलेल्या लिस्टेरियाने २८ राज्यांत १४७ लोक आजारी पडले आणि ३३ दगावले. लिस्टेरिया फ्रिजमधल्या थंडीतही सावकाश वाढतो, हे विसरू नये.

पद्धत : आधी हात धुवा. फळ वाहत्या पाण्याखाली धरून भाजीच्या कडक ब्रशने सगळीकडून घासा. देठाचा खळगा आणि फुलाकडचं टोक विसरू नका. साबण नको, साल तो शोषते. स्वच्छ कापडाने किंवा कागदाने पूर्ण कोरडं करा, कारण ओल्या सालीवरचं पाणी सुरीबरोबर आत जातं. दोन्ही टोकं कापून टाका, सुरी धुवा, मग चिरा. चिरलेलं फळ दोन तासांच्या आत ५ अंशांखाली गेलं पाहिजे. बाहेर राहिलेलं "वास तर चांगला येतोय" म्हणून खाऊ नका, या जंतूंना वास नसतो. ज्याला भेग किंवा मऊ खड्डा आहे ते फळ घेऊच नका.

उन्हाळी

अवांतर : बिया टाकू नका. धुऊन, वाळवून, सोलून मगज निघतो.

टिवल्याबावल्या

सोलून बघितल्यात का कधी? पुढच्या हंगामापर्यंत एक वाटी होईल.

मशागत

लागवडीचंही विचारलंय, तर फरकापुरतं लिहितो.

बहुतेक खरबुजांच्या वेलावर नर फुलं आणि उभयलिंगी फुलं असतात. कलिंगडात सहसा नर आणि मादी वेगळी. उभयलिंगी फूल म्हणजे आपोआप फळधारणा, असा गैरसमज आहे. परागकण जड आणि चिकट असतात, मधमाशी लागतेच. एका फुलाला दिवसभरात दहा-पंधरा भेटी मिळाल्या तर फळ नीट भरतं. कमी पडल्या तर एका बाजूने बिया धरत नाहीत आणि फळ वाकडं होतं. फुलं येताच कीडनाशक फवारलं तर नंतर माशी नाही म्हणून रडू नये.

फळं मुख्य वेलावर क्वचितच धरतात, बगलफुटीच्या पहिल्या-दुसऱ्या पेऱ्यावर धरतात. म्हणून चार-पाच पानांवर शेंडा खुडायचा, फुटवे येऊ द्यायचे, फळ धरलं की त्याच्या पुढे दोन पानं ठेवून त्या फुटव्याचा शेंडा मारायचा. वेलावर दोन ते चार फळं पुरे. पानं तेवढीच, फळं दुप्पट, म्हणजे प्रत्येक फळात साखर कमी.

बी टोकताना जमीन १८ अंशांच्या वर हवी, २८ ते ३२ ला झकास उगवतं. मुळं दुखावलेली चालत नाहीत, रोप दोन-तीन खऱ्या पानांवर असतानाच हलवा.

कँटलूपपेक्षा हनीड्यूला दहा ते वीस दिवस जास्त लागतात. तेवढे दिवस पानं निरोगी ठेवावी लागतात, आणि तिथेच बहुतेकांची हार होते. गुळगुळीत साल उन्हाने भाजते, म्हणून फळावर पानांची सावली हवी. मर रोगाची बुरशी दोघांची एकच जात, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, पण खरबुजावरचा प्रकार वेगळा आणि कलिंगडावरचा वेगळा.

भुरीवर गंधक मारायच्या आधी वाण बघा. कित्येक खरबुजांची पानं गंधकाने करपतात, विशेषतः पारा ३२ अंशांच्या वर असताना. कडेच्या दोन वेलांवर मारून दोन दिवस थांबा.

पाणीवाली

@मशागत यांना पुस्ती : शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत पाणी कमी करा, बंद करू नका. बंद केलं तर वेल मान टाकतो, पानं साखर बनवणं थांबवतात, मग घाबरून दिलेल्या भरपूर पाण्याने फळ फुटतं. दुपारी पानं जराशी लवतात आणि संध्याकाळी सावरतात, तेवढा ताण योग्य.

उन्हाळी

शेजारी काकडी लावली की खरबूज पचपचीत होतं, हे पण लिहा कोणी.

बीजांकुर

लिहितो, पण खोडून काढण्यासाठी. काकडीचा पराग खरबुजावर धरतच नाही (२४ आणि १४ वर पाहा). दुसऱ्या खरबुजाचा पराग लागला तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही, कारण गर हा आईच्या वेलाचा भाग आहे. बदल बियांत होतो, तो पुढच्या वर्षी दिसतो. बी धरणाऱ्यांनी त्या लांब, काकडीसारख्या फ्लेक्सुओससपासून सावध राहावं. ते खरबूजच असल्यामुळे कँटलूपशी बिनदिक्कत संकर होतो.

पचपचीत होण्याची खरी कारणं : भुरीने पानं गेली, ढगाळ हवा, जास्त फळं, शेवटी जास्त पाणी, लवकर तोड. काकडी निर्दोष आहे.

आहारतक्ता

गराच्या रंगाने खाण्यात फरक पडतो का? पडतो. १०० ग्रॅम केशरी कँटलूपमध्ये बीटा कॅरोटीन सुमारे २,००० मायक्रोग्रॅम, हिरव्या हनीड्यूत ३० च्या आसपास. क जीवनसत्त्व साधारण ३७ आणि १८ मिलिग्रॅम. साखर दोघांत ८ ग्रॅमच्या जवळ, पाणी ९० टक्के. कलिंगडाचा लाल रंग लायकोपीनचा, १०० ग्रॅमला सुमारे ४,५०० मायक्रोग्रॅम.

केशरी की हिरवा-पांढरा, हे मुख्यतः एका जनुकावर ठरतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवलं गेलं की त्या जनुकातलं एक अक्षर बदलल्याने प्रथिनात एका ठिकाणी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन हे दुसरं येतं आणि गरात बीटा कॅरोटीन साठायला लागतं. म्हणून केशरी हनीड्यू बनवणं अवघड नाही, आणि म्हणूनच गराच्या रंगावरून गट ठरवू नये.

वेलमांडव

जाळी बाद, रंग बाद. उरलं पिकण्याचं वागणं : सुटणारं, वासाचं, झटपट उतरणारं ते कँटलूप, आणि न सुटणारं, बिनवासाचं, टिकणारं ते हनीड्यूच्या बाजूचं. मग गालिया आणि हामी कुठे बसतात?

कोशकार

गालिया इस्रायलमध्ये झ्वी कार्ची यांनी तयार केलेला संकर. गर हिरवा असला तरी स्वभाव पूर्ण कँटलूपचा : पिकताना साल हिरव्याची सोनेरी होते, दरवळ जोरदार, सांधा सुटतो, आणि टिकाव कमी. हामी म्हणजे चीनच्या शिनच्यांगमधल्या अनेक वाणांचं एकत्र कुटुंब. त्यात लवकर पिकून मऊ पडणारेही आहेत आणि जाळी असूनही कुरकुरीत राहून महिनोन्महिने टिकणारेही. एका खणात बसत नाहीत.

कात्रीवाला

@वेलमांडव, तुमच्या विभागणीला आणखी एक धक्का. लांबच्या वाहतुकीसाठी काढलेले जाळीदार कँटलूपचे नवे संकर एथिलीन कमी सोडतात. ते तयार झाले तरी देठ सोडत नाहीत, वासही मंद. अशी फळं कापूनच काढतात आणि देठाचा तुकडा ठेवून विकतात. दिसायला सोळा आणे कँटलूप, वागायला अर्धं हनीड्यू.

शंकासूर

म्हणजे धागा परत पहिल्या पानावर.

देठसाक्षी

इतकाही नाही. अशा फळात खळगा सोडा, जाळीच्या खालचा रंग बघा. दोन रेषांच्या मधली साल राखाडी हिरवी असेल तर नको, गव्हाच्या काडासारखी पिवळसर झाली असेल तर घ्या. जुन्या वाणांतही ही खूण खरी ठरते, फक्त तिथे देठ आधी बोलतो. टेकलेल्या बाजूचा फिकट डाग या तपासणीत धरू नका, उरलेलं अंग बघा.

वेलमांडव

आणि रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबावरून ब्रिक्स मोजायचं उपकरण) असेल तर किती आकडा पास समजायचा?

साखरमोजणी

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या प्रमाणकात शारांतेला किमान १० ब्रिक्स, बाकी खरबुजांना ८. अमेरिकेच्या कँटलूप प्रतवारीत ९ म्हणजे चांगलं, ११ म्हणजे उत्तम. खायला ११ च्या पुढेच मजा आहे.

नमुना कुठून घेता त्यावर आकडा बदलतो. सालीजवळचा गर फिका, बियांजवळचा गोड. देठाकडचा कमी, फुलाकडचा जास्त. फळाच्या मधल्या घेरातून सालीपासून पोकळीपर्यंत आरपार तुकडा काढा, साल कापून टाका, उरलेला सगळा पिळा आणि मिसळून थेंब घ्या. नुसता बियांकडचा थेंब घेऊन १३ आलं म्हणून खूश होणारे बरेच आहेत.

नाकपुडी

त्यातले निम्मे विक्रेते आहेत. चाखायला फाक देतात तीही बघा, सालीकडचा भाग आधीच कापलेला असतो.